पाठ आणि चेहरा

७ नोव्हेंबर १९५२ ची रात्र. मेक्सिको शहराच्या मध्यवस्तीतलं अरेना कोलिसेओ हे बंदिस्त मैदान खच्चून भरलं होतं. दोरांच्या चौकोनात दोन पैलवान समोरासमोर उभे होते आणि दोघांचेही चेहरे झाकलेले होते. एकाचा मुखवटा रुपेरी, दुसऱ्याचा काळा. रुपेरीवाला एल सांतो, म्हणजे संत. काळ्या मुखवट्याचा ब्लॅक शॅडो. पैज मुखवट्याची होती. हरेल त्याने सगळ्यांदेखत मुखवटा उतरवायचा, आपलं खरं नाव सांगायचं आणि तो मुखवटा पुन्हा कधी चढवायचा नाही. सांतो जिंकला. ब्लॅक शॅडोच्या डोक्यामागची नाडी सुटली आणि आलेहांद्रो क्रूस नावाच्या माणसाचा चेहरा प्रेक्षकांनी पहिल्यांदा पाहिला.

त्याच्या साडेतीन महिने आधी, जुलै १९५२ मध्ये, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट गटात कुस्ती खेळत होते. त्यांनी कॅनडाच्या पोलिक्विनला हरवलं, मग मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला हरवलं आणि शेवटी कांस्यपदक घेऊन ते परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बासुर्तो ज्या देशातून आला होता, त्याच देशाच्या राजधानीत त्या वर्षी लोक मुखवट्यांच्या कुस्तीने वेडे झाले होते. या दोन कुस्त्या एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण पैलवान गेल्यावर त्याचं मागे काय उरतं, या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरं त्यांत आहेत.

आपल्याकडे पराभव पाठीचा असतो. पाठीला माती लागली की कुस्ती निकाली. पैलवान अंगावर लंगोटाशिवाय काही ठेवत नाही. त्याचा चेहरा, त्याचं नाव, त्याच्या वस्तादाचं नाव, तालमीचं नाव, गावाचं नाव, सगळं फडावर उघडं असतं. निवेदक ते सगळं पुकारतो आणि मगच हात मिळवले जातात. मेक्सिकोतही खांदे टेकवून कुस्ती जिंकतात, तीन डावांपैकी दोन जिंकावे लागतात. पण तिथला खरा पराभव चेहऱ्याचा. पाठ दर आठवड्याला लागू शकते, पुढच्या आठवड्यात ती भरून काढता येते. चेहरा मात्र एकदाच उघडा पडतो.

आमच्या हिंगणघाटात या मुखवट्यांची ओळख टीव्हीवरून झाली. २००२ नंतरच्या काही वर्षांत शाळकरी पोरांच्या दप्तरात पैलवानांचे पत्ते असायचे, उंची, वजन आणि छातीच्या मापांवर खेळायचे. त्यांत सगळ्यात बुटका असूनही सगळ्यांना हवा असलेला पत्ता रे मिस्टेरिओचा. उंचीत तो हमखास हरायचा, तरी पोरं तो सोडायची नाहीत. नागपंचमीला आणि पोळ्याच्या सुमारास इकडे कुस्त्यांच्या दंगली होतात, तिथे मातीत लोळणारी पोरंच घरी येऊन गादीवर मिस्टेरिओच्या उड्या मारायची. तो मुखवटा कुठून आला, कुणी शिवला आणि त्याच्यापायी कुणी काय पणाला लावलं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं आहे.

वर्धा जिल्ह्यातून मेक्सिकोपर्यंतचा रस्ता आधीच एकाने चालून ठेवलेला आहे. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे वर्ध्याचे. गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक. इंग्रजांना हुलकावण्या देत, वेष आणि नावं बदलत ते इराणपासून युरोपपर्यंत भटकले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले. तेस्कोकोजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. दिएगो रिवेराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर काढलेल्या एका चित्रात, भाकरीच्या पंगतीत, खानखोजे आहेत. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. जवळजवळ तीन दशकं ते त्या देशात राहिले. म्हणजे लुचा लिब्रे, मेक्सिकोची ही मुखवट्यांची कुस्ती, जन्मली, वाढली, तिने सांतोला डोक्यावर घेतलं, तो सगळा काळ आपल्या जिल्ह्यातला एक माणूस त्याच लोकांमध्ये, त्याच शेतकऱ्यांमध्ये वावरत होता. खानखोज्यांचा मेक्सिको समजला की मुखवट्याचा मेक्सिकोही समजायला लागतो.

तो मेक्सिको क्रांतीतून नुकताच बाहेर पडला होता. १९१० ते १९२० या दशकातल्या लढायांनी खेडी उद्ध्वस्त केली होती. जमिनींच्या वाटपाचं आश्वासन होतं, पण ते हळूहळू पुरं होत होतं आणि पोट थांबत नव्हतं. माणसं शहराकडे निघाली. १९३० ते १९५० या दोन दशकांत राजधानीची वस्ती अडीच-तीन पट झाली. कापडगिरण्या, बांधकामं, बाजार, हमाली. मिळेल ते काम करणारी, शहरात कुणी नाव न ओळखणारी माणसं. हिंगणघाटला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. इथला कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात नावाने विकला जायचा. पुढे इथे गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्याच्या वेळेवर जगणाऱ्या माणसांचं गाव तयार झालं. आठवडाभर राबलेल्या माणसाला एका संध्याकाळी मोठ्याने ओरडायची जागा लागते. मेक्सिको शहरात ती जागा साल्वादोर लुतेरोतने दिली.

लुतेरोत क्रांतीच्या सैन्यात अधिकारी होता. नंतर सरकारी नोकरीत मालमत्तांची तपासणी करायचं काम त्याच्याकडे आलं आणि त्या निमित्ताने तो उत्तरेच्या सीमेवर हुआरेसला गेला. १९२९ मध्ये सीमा ओलांडून टेक्ससमधल्या एल पासोत त्याने व्यावसायिक कुस्ती पाहिली आणि त्याच्या डोक्यात ती बसली. २१ सप्टेंबर १९३३ रोजी त्याच्या संस्थेने राजधानीतल्या अरेना मोदेलोमध्ये पहिला कार्यक्रम केला. ती संस्था नाव बदलून आजही चालू आहे. जगातल्या चालू असलेल्या व्यावसायिक कुस्ती संस्थांमध्ये ती सर्वांत जुनी मानतात. १९४३ मध्ये अरेना कोलिसेओ बांधलं, १९५६ मध्ये नवं अरेना मेक्सिको उभं राहिलं, त्यात सोळा हजारांहून अधिक माणसं बसतात.

मुखवट्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात की तो अझ्टेकांकडून आला, गरुडवीरांच्या आणि जग्वारवीरांच्या शिरस्त्राणांचा तो वारस. ऐकायला छान वाटतं. पुढच्या पैलवानांनी त्या प्रतिमा हौसेने वापरल्याही. पण इतिहास पाहिला तर मुखवटा बाहेरून आला. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकातच मुखवटा घालून कुस्ती झाली होती, आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्कला 'मास्क्ड मार्व्हल' नावाच्या पैलवानाने गर्दी खेचली होती. मेक्सिकोत तो आला एका परदेशी पैलवानाच्या हट्टातून आणि एका चांभाराच्या हातातून. त्या चांभाराच्या हाताला मी अझ्टेकांपेक्षा जास्त मान देतो.

त्याचं नाव अंतोनियो मार्तिनेस. जोड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या लेओन शहराकडचा हा कारागीर राजधानीत पैलवानांचे बूट शिवायचा आणि कुस्त्यांचा शौकीन होता. १९३० च्या दशकाच्या मध्याला सिक्लोन मॅके नावाचा पैलवान त्याच्याकडे आला आणि म्हणाला, मला डोक्यावर चढवायचा मुखवटा हवा. मार्तिनेसने असलं काही कधी केलं नव्हतं. त्याने पायाची घ्यावीत तशी डोक्याची मापं घेतली आणि बकऱ्याच्या मऊ कातड्याचे तुकडे जोडून मुखवटा शिवला. डोळे, नाक, तोंड यांच्यासाठी भोकं, आणि मागे बुटासारख्या नाड्या, आवळून बांधायच्या. पहिला मुखवटा नीट बसला नाही. कातडं घामाने भिजतं, ताणतं, सरकतं. डोळ्यावरचं भोक बोटभर सरकलं तरी पैलवान आंधळा होतो. मॅके नाराज होऊन गेला. मार्तिनेसने मात्र नाद सोडला नाही. कुठला तुकडा कुठे कापायचा, शिवण कपाळावर किती आणि हनुवटीखाली किती आवळायची, हे त्याने बसवत आणलं. पुढे मुखवटे कापडाचे झाले, चमकदार झाले, अंगाबरोबर ताणणारे झाले, पण मागची नाडी राहिली. पैजेत हरलेल्याची नाडी सुटायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ सगळं मैदान श्वास रोखून असतं. मार्तिनेसचं घराणं त्याच्यामागेही मुखवटे शिवत राहिलं.

मेक्सिकोच्या भूमीतला पहिला मोठा मुखवटाधारी म्हणजे एल मुर्सिएलागो, वटवाघूळ. हेसूस वेलास्केस हे त्याचं नाव. तो अंगावर झूल घेऊन यायचा आणि कुस्तीआधी पिशवीतून जिवंत वटवाघळं सोडायचा. पुढच्या रांगांत किंकाळ्या उठायच्या. १९४० मध्ये त्याची गाठ ओक्तावियो गाओनाशी पडली. गाओना अंगापिंडाने भारी. वेलास्केसने अट घातली: मी मुखवटा पणाला लावतो, तर तूही काही लाव. गाओनाने केस लावले. वटवाघूळ हरलं आणि मुखवटा उतरला. तिथून 'मुखवटा विरुद्ध केस' आणि 'मुखवटा विरुद्ध मुखवटा' या पैजांची परंपरा रुजली. हरलेल्याने आपलं नाव, गाव आणि किती वर्षं कुस्ती खेळतो हे सांगायचं, अशी रीत पडली. केस परत येतात. मुखवटा येत नाही.

पैजेबाहेर कुणी प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा ओढून काढला, तर तो बाद होतो. पैलवान दोन जातींचे: नियमाने, कसबाने लढणारे तेक्निको, आणि रांगडे, नियम मोडणारे रूदो. प्रेक्षकही तसे वाटलेले. सज्जनाच्या बाजूने ओरडणारे असतात, तसे दांडगटाच्या बाजूनेही असतात, आणि त्यांना त्याची लाज वाटत नाही. दिवसभर मुकादमाचं ऐकणाऱ्या माणसाला नियम मोडणारा आपला वाटला, तर मला त्यात काही नवल दिसत नाही.

निकाल आधी ठरलेला असतो का? बहुतेक वेळा असतो. नुरा कुस्ती म्हणून नाक मुरडणारे आपल्याकडेही आहेत आणि तिकडेही. दसऱ्याला रावण जळणार हे ठाऊक असूनही मैदान भरतं, तसंच ते आहे. शरीर मात्र खरं असतं. दोरांवरून बाहेर घेतलेली उडी खरी, गुडघा मोडतो तो खरा. मार्च २०१५ मध्ये तिहुआनाला रे मिस्टेरिओ खेळत असलेल्या कुस्तीत पेर्रो अग्वायो ज्युनिअर हा पैलवान मानेला मार लागून दगावला. त्या दिवसानंतर 'खोटी कुस्ती' हा शब्द तोंडातून काढताना मला विचार करावासा वाटतो.

आता सांतो. रोदोल्फो गुस्मान ऊएर्ता, जन्म २३ सप्टेंबर १९१७, इदाल्गो राज्यातलं तुलांसिंगो गाव. कुटुंब पोटासाठी राजधानीत आलेलं, भाऊही कुस्तीतच. आधी तो स्वतःच्या नावाने खेळला, मग 'दुसरं वटवाघूळ' या नावाने. त्याला मूळ वटवाघळाने हरकत घेतली. मग त्याच्या व्यवस्थापकाने रुपेरी पोशाखाच्या पैलवानांचा संच उभा करायचं ठरवलं आणि रोदोल्फोपुढे नावं ठेवली. त्याने संत निवडलं. २६ जुलै १९४२ रोजी रुपेरी मुखवट्यात तो पहिल्यांदा उतरला. गंमत अशी की हा संत रूदो होता, चांगला आडदांड रूदो, आणि पुढची वीस वर्षं तसाच राहिला. १९६२ मध्ये तो सज्जनांच्या बाजूला आला तेव्हा त्याला देव मानणारी अख्खी पिढी आधीच तयार झालेली होती.

ती तयार झाली होती रिंगणाबाहेर. १९५२ मध्येच होसे गुआदालुपे क्रूसने सांतोची चित्रकथा सुरू केली. छायाचित्रं आणि रेखाटनं मिसळून केलेली ही स्वस्त पुस्तिका पानाच्या ठेल्यावर मिळावी तितक्या सहज मिळायची. तिच्यात सांतो भुताखेतांशी, दरोडेखोरांशी, राक्षसांशी लढायचा आणि गरिबांच्या हाकेला धावायचा. दुसरं कारण जरा अनपेक्षित. १९५० नंतर मेक्सिकोत टीव्ही आला आणि त्यावर कुस्त्या दिसू लागल्या. पोरं घरात एकमेकांना आपटू लागली, ओरड झाली, आणि दशकाच्या मध्यावर राजधानीच्या प्रशासनाने टीव्हीवरच्या कुस्त्या बंद केल्या. त्याच सुमाराला राजधानीत बायकांच्या कुस्त्यांवरही बंदी आली आणि ती १९८६ पर्यंत टिकली. इतक्या वर्षांत किती बायकांच्या उमेदीची वर्षं वाया गेली असतील, याचा हिशेब कुणी मांडला तर तो स्वतंत्र इतिहास होईल. टीव्हीवरच्या बंदीने मात्र मुखवट्याचं नुकसान झालं नाही. सांतो पाहायचा तर मैदानात जा, नाहीतर सिनेमाला जा, अशी स्थिती आली.

आणि सिनेमा आला. सांतोचे पहिले दोन चित्रपट १९५८ मध्ये क्युबात चित्रित झाले, क्रांतिकारक हवानात शिरायच्या जेमतेम आधी. सगळे मिळून पन्नासहून अधिक. व्हँपायर स्त्रिया, ममी, वेडे शास्त्रज्ञ, परग्रहवासी, सगळ्यांशी तो लढला, आणि मधूनमधून रिंगणातही उतरला, कारण प्रेक्षकाला कुस्ती हवीच असायची. चित्रपट कमी पैशात, घाईत केलेले. तरी ते स्पॅनिश बोलणाऱ्या देशांबाहेरही पोचले.

इथे आपला दारासिंग आठवायलाच हवा. त्याच वर्षांत मुंबईच्या वरळीतल्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये फ्री-स्टाइल कुस्त्यांना झुंडी लोटत होत्या. हंगेरीत जन्मलेला अगडबंब किंग काँग, जॉर्ज गॉर्डिएंको, लू थेझ अशा परदेशी पैलवानांशी दारासिंग लढला. १९६८ मध्ये मुंबईत त्याने थेझला हरवलं. १९६२ मध्ये बाबूभाई मिस्त्रींच्या 'किंग काँग'मध्ये तो नायक झाला आणि मग गावोगावच्या टॉकिजांत त्याचे पोशाखी, मारधाडीचे चित्रपट लागत राहिले. सांतोचे चित्रपट आणि दारासिंगचे चित्रपट सख्ख्या भावंडांसारखे आहेत: तेच पुठ्ठ्याचे महाल, तीच खरी ताकद, तोच खालच्या वर्गातला भोळा, निष्ठावान प्रेक्षक. फरक एवढाच की दारासिंगचा चेहरा हीच त्याची दौलत होती. टीव्हीच्या 'रामायणा'त त्याने हनुमान रंगवला तेव्हा वानराच्या चेहऱ्यामागेही देशाने दारासिंगलाच पाहिलं. त्याच्यानंतर दुसरा दारासिंग होणं शक्य नव्हतं.

सांतोने चेहरा कुणालाच दिला नाही. परदेशी चित्रीकरणाला जाताना तो सहकाऱ्यांबरोबर विमानात बसायचा नाही, कारण तपासणी नाक्यावर मुखवटा काढावा लागे आणि चेहरा कुणी पाहू नये. जेवायच्या वेळी हनुवटीकडचा भाग मोकळा असलेला वेगळा मुखवटा असे. चाळीस वर्षं एका माणसाने हे निभावलं, पण एकट्याने नाही. वृत्तपत्रवाले, शेजारी, मैदानातले नोकर, सगळ्यांनी मिळून ते राखलं. मुखवटा पैलवान बांधतो. तो सांभाळतात ते लोक. लुचा लिब्रेच्या वारशातली हीच गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ज्यांच्याकडे स्वतःचं असं काही नव्हतं, त्या माणसांनी एक गुपित सांभाळून ठेवलं.

ब्लॅक शॅडोच्या पराभवाचा सूड त्याचा जोडीदार ब्लू डेमनने घेतला. आलेहांद्रो मुन्योस मोरेनो हे त्याचं नाव, उत्तरेकडच्या नुएवो लेओनमधला माणूस, तरुणपणी रेल्वेत कामाला. १९५३ मध्ये त्याने सांतोला हरवून वेल्टरवेटचा जागतिक पट्टा घेतला. पुढे दोघांनी एकत्र कितीतरी चित्रपट केले, पण जाणकार सांगतात की ही चुरस शेवटपर्यंत विझली नाही. ब्लू डेमननेही मुखवटा कधी गमावला नाही.

सप्टेंबर १९८२ मध्ये सांतोने शेवटची कुस्ती खेळली. जानेवारी १९८४ मध्ये 'कोंत्रापुंतो' या टीव्ही कार्यक्रमात बोलता बोलता त्याने मुखवटा थोडा वर सरकवला. क्षणभर गाल, नाक, डोळे दिसले. सहासष्ट वर्षांच्या एका माणसाचा साधा चेहरा. ५ फेब्रुवारीला, रंगमंचावरचा कार्यक्रम करून तो गेला. हृदयविकाराचा झटका. अंत्ययात्रेला रस्ते भरून गेले होते. त्याला रुपेरी मुखवट्यासह पुरलं.

त्याच वर्षी १४ ऑगस्टला खाशाबा जाधवांचं रस्त्यावरच्या अपघातात निधन झालं. हेलसिंकीहून आले तेव्हा कराडच्या बाजूला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव लागलं ते २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. खाशाबांची कुस्ती खरी होती, मेहनतीची होती, जगातल्या सर्वोत्तम मल्लांसमोर खेळलेली होती. सांतोच्या एकाही चित्रपटापेक्षा हेलसिंकीच्या त्या लढती माझ्या लेखी मोठ्या आहेत. तरीही एका देशाने आपला पैलवान रस्ता अडवून पोचवला आणि दुसऱ्याने आपला विसरून ठेवला. याचा राग यायला हवा, आणि मला येतो.

सांतो गेल्यावर दीड वर्षाने, १९ सप्टेंबर १९८५ रोजी, मेक्सिको शहराला भूकंपाने हादरवलं. हजारो माणसं गेली, लाखो बेघर झाली. सरकार ढिम्म, घरमालक भाडेकरूंना हुसकायला टपलेले. लोकांनी वस्त्यांच्या संघटना बांधल्या. १९८७ मध्ये त्यांच्या मोर्चांत लाल पोशाखाचा, पिवळ्या झुलीचा एक मुखवटाधारी दिसू लागला: सुपरबारिओ. बारिओ म्हणजे वस्ती, मोहल्ला. घर खाली करायला माणसं आली की तो दारात उभा राहायचा, अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर मुखवट्यासह बसायचा. तो रिंगणातला पैलवान म्हणून आला नव्हता. पन्नास वर्षांत मैदानाने लोकांना शिकवलेली गोष्ट लोकांनी रस्त्यावर वापरली, एवढंच. मुखवट्यामागे एकच माणूस आहे की अनेक, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. भाडेकरूंच्या वतीने बोलतोय तो सुपरबारिओ.

तेस्कोकोचा उल्लेख वर खानखोज्यांच्या निमित्ताने आला. त्याच तेस्कोकोच्या धर्मप्रांतात सेर्हिओ गुतिएरेस बेनितेस नावाचा पाद्री होता. रस्त्यावरच्या, व्यसनात अडकलेल्या पोरांसाठी त्याने अनाथाश्रम काढला. पैसे कुठून आणायचे? त्याने पिवळा-लाल मुखवटा चढवला आणि फ्राय तोर्मेंता, म्हणजे 'वादळ बुवा', या नावाने दोन दशकांहून अधिक काळ कुस्त्या खेळल्या. पाद्री आहे हे कळलं असतं तर धर्मगुरूंनी थांबवलं असतं. कळल्यावर हरकत घेतलीही, पण तोवर पोरं त्याच्या ताटात जेवत होती. त्याच्यावरून प्रेरणा घेऊन २००६ मध्ये हॉलिवूडने 'नाचो लिब्रे' हा विनोदी चित्रपट काढला. मूळ माणूस त्या चित्रपटापेक्षा फार मोठा आहे.

मुखवटा देशाबाहेरही गेला. मिल मास्कारास, 'हजार मुखवट्यांचा', १९६५ मध्ये मेक्सिकोत उतरला आणि सत्तरच्या दशकात जपानी प्रेक्षकांचा लाडका झाला. दोरांवरून बाहेर झेप घेणारी त्याची शैली तिथल्या पोरांनी उचलली. १९८१ मध्ये जपानला स्वतःचा मुखवटाधारी, टायगर मास्क, मिळाला. कॅलिफोर्नियात वाढलेल्या ऑस्कर गुतिएरेसने आपल्या मामाचं रे मिस्टेरिओ हे नाव घेतलं. १९९९ मध्ये एका अमेरिकन संस्थेने त्याला मुखवटा हरायला लावला, चाहते खवळले, आणि २००२ मध्ये नव्या संस्थेत आला तेव्हा तो मुखवट्यासह आला. जुन्या मेक्सिकन रीतीनुसार हे अधर्माचं. हिंगणघाटच्या पोरांच्या हातातला पत्ता मात्र त्यामुळेच आला.

२०१८ मध्ये मेक्सिको शहराने लुचा लिब्रेला आपला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. वारसा म्हटलं की वारसदार आले आणि वाद आले. सांतोच्या धाकट्या मुलाने वडील हयात असतानाच, १९८२ मध्ये, 'सांतोचा मुलगा' म्हणून रुपेरी मुखवटा बांधला. नंतर एका नातवाने 'सांतोचा नातू' हे नाव घेतलं, तेव्हा घरातलं भांडण न्यायालयात गेलं आणि नातवाला ते नाव सोडावं लागलं. शेतीच्या बांधावरून भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला हे नवं नाही. रुपेरी कापडाचा तो तुकडा एखाद्या शेतासारखा मोलाचा झाला, कारण तो कधी हरला नव्हता. न हरलेला मुखवटाच पुढच्या पिढीला पूर्ण किमतीने देता येतो.

ब्लू डेमन १६ डिसेंबर २००० रोजी वारला. त्यालाही निळ्या मुखवट्यासह पुरलं. त्याने आपला मुखवटा दत्तक घेतलेल्या मुलाला आधीच दिला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये त्या मुलाने, ब्लू डेमन ज्युनिअरने, मेक्सिको शहरातच एनडब्ल्यूए या कुस्ती संघटनेचा जागतिक हेवीवेट किताब जिंकला. वडिलांनी सांतोकडून पट्टा घेतला त्याला तेव्हा पंचावन्न वर्षं झाली होती.